आचे: टोकियोत फसलं, हेलसिंकीत जमलं

सरकार आणि बंडखोर यांच्यातल्या वाटाघाटींना ‘आंतरराष्ट्रीय पाठिंबा’ मिळाल्याच्या बातम्या नेहमी येतात. हा पाठिंबा नेमका कशाचा असतो, हे इंडोनेशियाच्या आचे प्रांतात चांगलं दिसतं. तिथं तो दोनदा मिळाला. एकदा वाया गेला, एकदा कामी आला.

सुमात्रा बेटाच्या वायव्य टोकाला असलेल्या आचेशी डचांनी १८७३मध्ये युद्ध सुरू केलं आणि ते त्यांना कित्येक दशकं पुरलं. त्या लढ्यातल्या एका नामांकित सेनानीच्या वंशातले हसन दि तिरो यांनी ४ डिसेंबर १९७६ रोजी स्वतंत्र आचे चळवळ, म्हणजे ‘गाम’, उभी केली. निमित्त जुन्या अभिमानाचं होतं, तसंच गॅसचंही. १९७१मध्ये आचेतल्या अरुनला नैसर्गिक वायूचा मोठा साठा सापडला होता. पैसा राजधानी जाकार्ताला आणि धूर आचेला, असा तो हिशेब. दि तिरो लवकरच स्वीडनला गेले आणि बंडाची सूत्रं स्टॉकहोममधून हलू लागली. १९८९ ते १९९८ या काळात लष्करानं आचेत जे अत्याचार केले, त्यांनी गामला घराघरातून माणसं मिळवून दिली.

१९९९मध्ये पूर्व तिमोर सार्वमत घेऊन इंडोनेशियातून फुटला. त्यानंतर जाकार्ताला परदेशी मध्यस्थ म्हटलं की धडकी भरे आणि गामला नेमके तेच हवे असत. तोडगा म्हणून एखादा देश नको, जिनिव्हाची खासगी संस्था चालेल असं ठरलं. ती संस्था, म्हणजे हेन्री ड्युनांट सेंटर, मध्ये पडली. ३ डिसेंबर २००२ला टोकियोत देणगीदारांची परिषद भरली: जपान, अमेरिका, युरोपीय संघ, जागतिक बँक. युद्धबंदीच्या करारावर सही अजून व्हायची होती, ती ९ तारखेला झाली. म्हणजे वरातीआधीच आहेराची यादी तयार! देखरेखीसाठी थायलंड आणि फिलिपिन्सचे अधिकारी आले, पण त्यांच्या हातात अधिकार फारसा नव्हता. स्वातंत्र्याचा मूळ प्रश्न तर कुणी सोडवलाच नव्हता. मार्च २००३मध्ये ताकेनगोन इथल्या निरीक्षकांच्या कार्यालयावर जमाव चालून गेला. मे महिन्यात टोकियोतली शेवटची बोलणी फिसकटली आणि १९ मे रोजी लष्करी कायदा लागू झाला.

पुढं २६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली. एकट्या आचेत दीड लाखाहून जास्त माणसं गेली. शांतता त्सुनामीनं आणली असं सरसकट म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. उपराष्ट्राध्यक्ष युसुफ काला यांनी पडद्याआडून खटपट आधीच सुरू केली होती आणि फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी अहतिसारी यांच्यापर्यंत निरोपही पोचला होता. लाटेनं दोन्ही बाजूंची सबब काढून घेतली, एवढं मात्र खरं.

जानेवारी २००५मध्ये हेलसिंकीजवळच्या एका जुन्या वाड्यात बोलणी सुरू झाली. अहतिसारींचा खाक्या रोखठोक होता: चर्चा इंडोनेशियाच्या चौकटीतच होईल, आणि सगळं ठरेपर्यंत काहीच ठरलेलं नाही. पाच फेऱ्यांनंतर १५ ऑगस्टला (तारीख आपल्या ओळखीची) सह्या झाल्या. गामनं स्वातंत्र्य सोडलं. आचेला स्थानिक पक्ष काढायची मुभा आणि तेल-वायूच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा मिळाला.

खरा फरक आकड्यांत होता. गामनं ८४० शस्त्रं द्यायची, हे करारातच लिहिलेलं. युरोपीय संघ, नॉर्वे, स्वित्झर्लंड आणि आसियान या आग्नेय आशियाई संघटनेतल्या पाच देशांच्या निःशस्त्र निरीक्षकांनी ती एकेक करून तपासली. गामनं आणली १,०१८. त्यातली मोडकी, गावठी बाजूला काढून ८४० धरली गेली. त्यातल्याही ७१वर सरकारनं हरकत घेतलीच. पास झालेली बंदूक तिथंच करवतीनं कापायची. दर टप्प्याबरोबर लष्कराच्या तुकड्या आचेतून निघायच्या; वर्षअखेरपर्यंत २५,८९० सैनिक आणि ५,७९१ पोलीस गेले. मिरवण्यासारखं या कामात काही नव्हतं, पण २००२मध्ये हेच राहिलं होतं.

गामच्या तीन हजार लढवय्यांना मदत द्यायची तेव्हा मात्र गाडी अडली. नावांची यादी द्यायला गाम तयार होईना. उद्या तीच यादी घेऊन कुणी दारात आलं तर?

निरीक्षक १५ डिसेंबर २००६ला निघून गेले. त्याच महिन्यात, त्सुनामीत तुरुंग कोसळला तेव्हा निसटलेले गामचे इरवांदी युसुफ गव्हर्नरपदाची निवडणूक जिंकले. करारातला सत्यशोधन आयोग उभा राहायला २०१६ उजाडलं. त्याच करारातल्या मानवी हक्क न्यायालयाचा पत्ता त्यानंतरही नव्हता. आणि तगादा लावायला निरीक्षक आता आचेत नव्हते.