नेच्याच्या पानामागचे तपकिरी ठिपके

महाबळेश्वरहून आणलेलं नेचं (फर्न) साताऱ्याच्या गॅलरीत रुळलं की हमखास प्रश्न येतो, "पानांमागे तांबेरा पडलाय, औषध कोणतं मारू?" ऊस-सोयाबीन पाहिलेल्या डोळ्यांना तसं वाटणारच. पण तांबेरा ही बुरशी, ती पानावर वाटेल तशी पसरते. नेच्याचे ठिपके बहुधा शिरांच्या किंवा काठाच्या कडेने ओळीत असतात. औषध राहू द्या. नेच्याला ना फूल, ना बी. त्याचा वंश या ठिपक्यांतूनच वाढतो.

भिंगातून पाहिलं तर एकेक ठिपका म्हणजे देठांवरच्या इवल्या पिशव्यांचा घोस. बहुतेक नेच्यांत एका पिशवीत 64 बीजाणू असतात, म्हणजे बीऐवजी वंश पुढे नेणारे धुळीसारखे बारीक कण. पिशवीच्या पाठीवरून जाड भिंतींच्या पेशींचा पट्टा जातो, आणि खरी करामत त्याचीच. हवा कोरडी पडली की या पेशींतलं पाणी उडू लागतं, पट्टा उलटा वाकतो, पिशवी फाटते. ताण असह्य झाला की उरलेल्या पाण्यात एकदम बुडबुडे धरतात आणि पट्टा गलोलीसारखा सुटतो. सेकंदाच्या काही लाखाव्या भागात बीजाणू हवेत!

उधळण अशी कोरड्या हवेत. पुढचं सगळं मात्र ओलीवर अडतं. गंमत म्हणजे बीजाणूतून थेट नेचं उगवतच नाही. उगवतो नखाहून लहान, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा. पावसाळ्यात ठोसेघरकडच्या ओल्या दरडींवर तो शेवाळ समजूनच आपण सोडून देतो. याच्या पोटाशी नर आणि मादी असे दोन्ही अवयव असतात. पुंपेशी, म्हणजे नर पेशी, मादी अवयवाकडे चक्क पोहत जातात, पाण्याचा पातळसा थर त्यांना पुरतो. काही नेच्यांच्या पुंपेशी मॅलिक आम्लाकडे ओढल्या जातात, हे प्फेफर या जर्मन शास्त्रज्ञाने 1880च्या दशकात दाखवलं. काही जातींत तर आधी मोठा झालेला पापुद्रा एक रसायन सोडून शेजारच्या धाकट्यांना नर करून टाकतो. स्वतःशीच फलन टाळण्याची ही सोय.

फलन झालं की पापुद्र्यातून खरं नेचं डोकं काढतं आणि पापुद्रा सुकतो. या दोन पिढ्यांची आळीपाळी हॉफमाइस्टर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1851 मध्ये उलगडली.

घरी पाहायचं असेल तर ठिपके गडद तपकिरी झालेलं पान ठिपक्यांची बाजू खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवा. पंखा बंद हवा. एकदोन दिवसांत ठिपक्यांच्या नक्षीबरहुकूम कागदावर बारीक पूड सांडलेली दिसेल.