विद्यापीठातली नोकरी : प्राध्यापकीपलीकडच्या जागा आणि अर्जाची तयारी

एम.एस्सी., एम.ए. झालेली मुलं-मुली आमच्या केंद्रात अर्ज भरायला येतात, तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात दोनच जागा असतात. सहायक प्राध्यापक, नाहीतर लिपिक. विद्यापीठाचा पसारा त्याहून बराच मोठा असतो. खान्देशच्या तिन्ही जिल्ह्यांसाठी 1990 साली जळगावला सुरू झालेलं, आज बहिणाबाईंचं नाव लाभलेलं आपलं विद्यापीठ घ्या, की पुण्याचं घ्या. तिथे प्रयोगशाळा सहायक, ग्रंथपाल, अभियंता, लेखापाल, सहायक कुलसचिव अशी माणसंही लागतात.

सगळ्यात दुर्लक्षित राहते ती संशोधन प्रकल्पातली जागा. प्राध्यापकांना सरकारी निधीचा प्रकल्प मंजूर झाला की ते फेलो, प्रोजेक्ट असोसिएट, फील्ड असिस्टंट घेतात. जाहिरात संकेतस्थळावर लागते, पेपरात क्वचितच दिसते, आणि मुदत थोडी असते. काम कंत्राटी; प्रकल्प संपला की नेमणूक संपते, हे घरी आधीच सांगून ठेवा. तरीही आम्ही आग्रहाने सांगतो, अर्ज कराच. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळवलेल्यांना 2023 पासून महिना 37,000 रुपये फेलोशिप आहे, आणि पीएच.डी.ची वाट इथूनच सुरू होते. बी.एस्सी. अॅग्री झालेल्यांनी राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या जाहिराती पाहाव्यात. जळगावचं केळी संशोधन केंद्र त्यांचंच आहे.

नेट वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर सत्रासाठी होते. 2024 पासून तिचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही चालतात, पण एकच वर्ष. सहायक प्राध्यापक व्हायचं तर नेट, सेट (राज्याची पात्रता परीक्षा) किंवा पीएच.डी. हवी.

आता कागदपत्रं, कारण अर्ज अडतो तो इथेच. दहावीच्या गुणपत्रकावर वडिलांचं नाव ‘भाऊराव’ आणि आधारवर ‘भावराव’ असेल, तर जाहिरात यायची वाट न पाहता आजच दुरुस्तीला टाका. लग्नानंतर आडनाव बदललेल्या ताईंनी राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणी दाखला जोडावा. नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते, तारीख बघून घ्या. जात पडताळणीला वेळ लागतो, ती शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

पुष्कळ ठिकाणी ऑनलाइन अर्जाची प्रिंट, स्वतः सही केलेल्या प्रतींसह, ठरलेल्या तारखेच्या आत पोहोचावी लागते. त्या दिवशी पोस्टात टाकून भागत नाही. पाकिटावर पदाचं नाव आणि जाहिरात क्रमांक ठळक लिहा.

‘आतून काम करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. आम्ही फक्त अर्ज भरणं, स्कॅन, प्रिंट आणि फाइल लावण्याचे पैसे घेतो.

येताना स्वतःचा मोबाइल आणा, ओटीपी त्यावरच येतो. ई-मेलही स्वतःचाच द्या, आमच्या दुकानाचा नको. मुलाखतीचं पत्र त्याच ई-मेलवर येतं आणि ते तुम्हालाच आधी दिसायला हवं.