कांचन की देवकांचन? दिवाळीत रंग हवा असेल तर आधी हे बघा

आमच्या इंदूरला नर्सरीत जाऊन कांचन मागितला की मधे चिरलेल्या जोडपानाचं जे रोप समोर असेल ते कचनार म्हणून हातात मिळतं, आणि घोळ तिथेच होतो. दसरा-दिवाळीला दारात गुलाबी रंग हवा म्हणून मी असंच एक रोप आणलं, तीन वर्षं जपलं, दर दसऱ्याला मान वर करून कळ्या शोधायचे, एकही नाही. मग एका वर्षी रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे आमच्याकडच्या रंगांच्या मिरवणुकीच्या, आठवड्यात सकाळी बघते तर पान एक नाही आणि झाड फुलांनी लगडलेलं. सुंदरच होतं ते, पण मला हवा होता देवकांचन आणि वाढवला होता कांचन.

हे एवढं महत्त्वाचं का, तर माळव्यात शरदात पानं रंगत नाहीत. काश्मीरचा चिनार ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाल होतो, आपल्याकडची पानगळ थंडी सरता सरता येते, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास बागेत रंग हवा तर तो फुलांचाच. झेंडू-शेवंती आहेतच, पण झाडावरचा रंग हवा असेल तर देवकांचनासारखं दुसरं मला तरी सापडलेलं नाही. तो साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत चालतो, तेही अंगावर हिरवी पानं असताना. कांचन मात्र फेब्रुवारी ते एप्रिल, पानं झडल्यावर. कळ्यांची भाजी करतात ती याच्याच.

फूल मिळालं तर तळहातावर घेऊन बघा. देवकांचनाच्या पाकळ्या अरुंद, लांबट, एकमेकींपासून सुट्या, मधे फट दिसते. कांचनाच्या रुंद, कडा एकमेकींवर चढलेल्या, आणि एका पाकळीवर गडद रेघा, जणू शाई फुटलीय. मग मधले पुंकेसर मोजा, देवकांचनात मोठे साधारण तीन, कांचनात पाच. हे एकदा मोजलं की परत फसायला होत नाही.

पानांवर मात्र फार विसंबू नका. देवकांचनाचं पान जरा जास्त खोल चिरलेलं असतं हे खरं, पण रोपाच्या वयात दोन्ही सारखीच दिसतात. (या जोडपानांमुळेच या झाडांच्या गटाला बॉहिन नावाच्या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून बॉहिनिया नाव पडलं, मला हे फार आवडतं.) म्हणून रोप घ्यायचं तर दिवाळीच्या आसपास फूल असलेलंच घ्या, किंवा ओळखीच्या झाडाखाली जानेवारी-फेब्रुवारीत वाळलेल्या शेंगा गोळा करा, बी रात्रभर पाण्यात भिजवून लावा. मी दुसऱ्यांदा असंच केलं.

नर्सरीत कधी कधी हाँगकाँगवाला पण मिळतो, त्यांच्या झेंड्यावरचं फूल ते. तो या दोघांचाच संकर, जांभळट आणि मोठ्या फुलांचा, पण त्याला शेंग धरत नाही, त्यामुळे तो कलमानेच वाढवतात. महाग वाटला तर सोडून द्या, देवकांचन काही कमी नाही.

ऊन दोघांनाही भरपूर हवं, आणि आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात मुळाशी पाणी साचू देऊ नका. छाटणी नेहमी फुलं संपल्यावर, म्हणजे देवकांचनाची जानेवारीत आणि कांचनाची एप्रिलनंतर. पावसाळ्यात झाड फार पसरलंय म्हणून कोणी देवकांचन छाटला तर त्या वर्षीची फुलं गेलीच समजा.

आणि दसऱ्याला पोरं सोनं म्हणून याच्याच फांद्या ओरबाडतात, ते बघून जीव तुटतो. आपट्याचं पान याच्यापेक्षा बरंच लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद, हातात घेतलं की लगेच कळतं. पोरांना ते एकदा हातात देऊन दाखवा, कारण नेमक्या त्याच दिवसांत देवकांचनाच्या टोकाटोकाला कळ्या आलेल्या असतात.