मिलिंग मशीनवरील शीघ्र नमुनानिर्मिती

नव्या वस्तूचे ड्रॉइंग तयार झाले, की उत्पादनाचे साचे आणि हत्यारे करण्याआधी तिचा एखादा नग चटकन बनवून पाहणे म्हणजे शीघ्र नमुनानिर्मिती किंवा रॅपिड प्रोटोटायपिंग. हे नाव रुळले ते थरावर थर रचणाऱ्या यंत्रांमुळे. चार्ल्स हल यांनी १९८४ साली स्टिरिओलिथोग्राफीच्या, म्हणजे प्रकाशाने द्रव रेझिन थराथराने घट्ट करण्याच्या रीतीच्या, पेटंटसाठी अर्ज केला, १९८६ साली ते मिळाले आणि पुढे झटपट नमुना म्हटला की छापलेला प्लॅस्टिकचा नगच डोळ्यांपुढे येऊ लागला. वास्तविक टूलरूममधली साधी, उभ्या स्पिंडलची (फिरत्या दांड्याची) आणि त्यात धरलेल्या कटरने माल कोरणारी मिलिंग मशीन हे काम त्याच्या कितीतरी आधीपासून करत आली आहे. एका बाबतीत ती आजही सरस आहे. वस्तू शेवटी ज्या धातूची वा प्लॅस्टिकची होणार, त्यातूनच नमुना कोरून निघतो. ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट ॲल्युमिनियमचाच असला तर त्यावर वजन टांगता येते, त्यात आटे पाडता येतात, तो तापवून पाहता येतो. साध्या प्लॅस्टिकच्या छापील नगावरून आकार आणि जुळणी कळते, खरी ताकद कळत नाही.

या जातीच्या मशीनचे जगभर ओळखीचे झालेले रूप म्हणजे अमेरिकेतील ब्रिजपोर्ट शहरात १९३८ साली निघालेली टरेट मिल. टेबल डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे सरकते, खालचा गुडघा वर-खाली होतो, कटर जागेवर फिरत राहतो. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये एचएमटीच्या जुन्या मशीन हेच काम करतात.

हाताने चाके फिरवून वक्र आकार निघत नाही, असा समज आहे. तो खरा नाही. वक्ररेषेवरचे बिंदू आधी मोजून त्यांचा तक्ता करायचा, प्रत्येक बिंदूवर टेबल आणून कटर उतरवायचा, आणि मागे राहिलेल्या पायऱ्या कानशीने घासून सपाट करायच्या. घासण्याआधी जॉबवरच्या (कापायच्या तुकड्यावरच्या) पायऱ्यांना मार्किंगचा निळा रंग लावला तर कोठे थांबायचे ते दिसते: पायरीच्या तळाशी राहिलेला रंग पुसला जाऊ लागला, की कानस उचलायची. टेबलाची जागा आकड्यांत दाखवणारा डीआरओ बसवलेला असला तर हे काम बरेच सोपे होते. जॉन पार्सन्स यांच्या मिशिगनमधील कारखान्यात १९४० च्या दशकात हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठीचे टेम्पलेट याच रीतीने होत. पंच कार्डांच्या यंत्रावर बिंदू मोजले जात आणि कामगार एकेका अक्षाचे आकडे लावून कटर नेत. तिथूनच आकड्यांनी मशीन हाकण्याची कल्पना वाढली. १९५२ साली अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेने जगाला दाखवलेली पहिली संख्यानियंत्रित मशीन म्हणजे बाजारात मिळणारी सिनसिनाटी हायड्रोटेल मिलिंग मशीनच होती. तिला तीन अक्षांवर पंच केलेल्या टेपचे नियंत्रण जोडले होते. सीएनसीचा, म्हणजे संगणकाने आकड्यांवर चालवलेल्या मशीनचा, जन्मच असा जुन्या मशीनच्या फेरजोडणीतून झाला, हे आज जुनी मशीन भंगारात काढू पाहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

अशी फेरजोडणी छोट्या वर्कशॉपलाही परवडते. चाकांच्या जागी स्टेपर मोटर बसवतात. ती एका फेऱ्यात २०० पावले टाकते; स्क्रूचा आटा ५ मिमीचा असेल तर एका पावलाला टेबल ०.०२५ मिमी सरकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेल्या कामातून वाढलेली लिनक्ससीएनसी ही प्रणाली फुकट मिळते आणि साध्या संगणकावर चालते. खरी अडचण असते बॅकलॅशची. जुन्या स्क्रू-नटमध्ये ढिलेपणा आलेला असतो, आणि कटर ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेला जॉब सरकवला तर दाते टेबलाला पुढे ओढून घेतात, कटर मोडतो. म्हणून जुन्या मशीनवर कटरच्या उलट दिशेने जॉब देण्याची शिस्त पाळतात आणि फेरजोडणी करताना शक्य असेल तर गोळ्यांवर फिरणारा, ढिलेपणा फारच कमी असलेला बॉल स्क्रू टाकतात.

मिलिंगला ‘शीघ्र’ म्हणण्यावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो रास्त आहे. कापायला लागणारा वेळ थोडा असतो. जॉब कसा धरायचा हे ठरवण्यातच दिवस जातो. छपाई यंत्राला जॉब धरावा लागत नाही. मिलिंगमध्ये व्हाइसने धरलेली बाजू कापता येत नाही, नग उलटला की पुन्हा झिरो (मोजणीचा आरंभबिंदू) घ्यावा लागतो, आणि कड शोधायच्या एज फाइंडरची अर्धी जाडी मिळवायला विसरले की सगळा नग तेवढ्याने सरकतो. यावर वर्कशॉपमध्ये रुळलेले उपाय साधे आहेत. नगाच्या बाहेर, कच्च्या मालातच दोन पिनांची भोके रीम करून (नेमक्या मापाची करून) ठेवली तर उलटलेला जॉब त्याच जागी बसतो. नग मालापासून सुटू नये म्हणून बारीक पूल राखतात आणि शेवटी करवतीने तोडतात. एक बाजू कोरून झाली, की तो खळगा मेणाने वा प्लॅस्टरने भरून दुसरी बाजू कापली तर पातळ भिंती थरथरत नाहीत.

याच अडचणीवर मॅथ्यू फ्रँक, रिचर्ड विस्क आणि संजय जोशी यांनी अमेरिकेत सुचवलेला तोडगा फार देखणा आहे. टेबलावर जॉब फिरवणारे इंडेक्सर बसवायचे आणि गोल बार दोन्ही टोकांना धरायचा. नगाच्या संगणकीय आकारावरून सगळे पृष्ठभाग दिसण्यासाठी बार कोणकोणत्या कोनांत वळवावा लागेल, ते प्रोग्रॅमने काढायचे. मग प्रत्येक कोनात सपाट टोकाच्या कटरने (एंड मिलने) थर-थर माल काढत जायचा. नगाच्या दोन्ही टोकांना बारीक दांडे संगणकातच जोडलेले असतात. त्यांवर तो शेवटपर्यंत बारमध्ये टांगलेला राहतो आणि अखेरीस दांडे कापून मोकळा होतो. कापायला वेळ जास्त लागतो, कारण प्रत्येक कोनात बरीच हवाच कापली जाते. पण फिक्श्चरचा, म्हणजे जॉब धरण्याच्या साधनाचा, विचार करायला कोणी बसावे लागत नाही, आणि झिरो एकदाच घ्यावा लागतो. आतली बंद पोकळी किंवा ज्या खाचेत कोणत्याच कोनातून कटर शिरत नाही ती यातही जमत नाही.

काही मर्यादा भूमितीतून येतात. आतल्या कोपऱ्याला कटरच्या त्रिज्येएवढी गोलाई राहतेच. बारीक कटर घ्यावा, तर तो वाकतो: बाहेर आलेली लांबी दुप्पट झाली तर वाक आठपट, आणि व्यास निम्मा झाला तर सोळापट. शिवाय जुन्या मशीनला वेग नसतो. ॲल्युमिनियमसाठी मिनिटाला १०० मीटर कापण्याचा वेग धरला, तर १० मिमीच्या कटरला सुमारे ३,२०० फेरे पुरतात. १ मिमीच्या कटरला मात्र ३२,००० च्या आसपास हवेत, आणि ते साध्या मिलच्या स्पिंडलच्या आवाक्यात नाही. याउलट वक्र पृष्ठभाग फारच सुबक निघतो. ६ मिमीच्या गोल टोकाच्या कटरने अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने फेऱ्या मारल्या, तर मधे राहणारी शीर जेमतेम १० मायक्रॉन उंच असते. थर रचणाऱ्या सामान्य प्लॅस्टिक छपाईत एक थरच २०० मायक्रॉनचा असू शकतो.

माल निवडताना घाई करू नये. आकार पहिल्यांदाच तपासायचा असेल तर मशीनेबल मेण उत्तम: कटर मोडत नाही आणि चिप्स गोळा करून वितळवल्या की पुन्हा ठोकळा ओतता येतो. ओतकामाच्या नगासाठी नमुना थेट धातूत कोरण्याऐवजी लाकडात किंवा पॉलियुरेथेनच्या टूलिंग बोर्डमध्ये पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा नमुना) कोरतात आणि फाउंड्रीत पाठवतात. कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या गावात ही वाट फार सोयीची आहे. बिडासाठी पॅटर्न साधारण एक टक्का मोठा ठेवायचा, म्हणजे २०० मिमीच्या नगाला २०२ मिमीचा, आणि वाळूतून सहज निघावा म्हणून उभ्या भिंतींना किंचित उतार द्यायचा.

मिलिंगचा सर्वांत छोटा अवतार विद्युत मंडलांच्या नमुन्यांसाठी वापरतात. एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांनी रुजवलेल्या फॅब लॅबमध्ये, म्हणजे लोकांना वस्तू बनवून पाहता येतील अशा कार्यशाळांमध्ये, टेबलावर मावणारी मिल हे ठरलेले साधन आहे. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात उभी राहिली. अशा मिलवर तांब्याचा पत्रा चढवलेल्या बोर्डातून ०.४ मिमीच्या कटरने विजेच्या वाटा मोकळ्या करतात. रसायनात बोर्ड बुडवावा लागत नाही. काचतंतूचा बोर्ड कटरचे दाते लवकर घालवतो आणि त्याची धूळ फुप्फुसांना वाईट, म्हणून कागद-फिनॉलचा बोर्ड घ्यावा. तांबे सहसा ३५ मायक्रॉन जाड असते आणि खाच ०.१ मिमीची, म्हणून आधी बोर्डाखालचा पाट त्याच मशीनवर, त्याच बसवणीत सपाट करून घेतात आणि मग बोर्ड दुहेरी टेपने चिकटवतात. पाट कललेला राहिला, तर एका कोपऱ्यात कटर खोल रुततो आणि दुसऱ्यात तांबे जसेच्या तसे राहते.