उन्हाळ्यात शोषखड्डा फसवतो

मागच्या मे महिन्यात आतेभावासोबत यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी घर पाहायला गेलो. भिंती ठोकून पाहिल्या, नमुना आठ, म्हणजे ग्रामपंचायतीचा घराचा उतारा पाहिला. संडासाच्या टाकीचं विचारलं तर घरमालक अभिमानाने म्हणाले, "वीस वर्ष झाले, सेफ्टी टँक एकदाबी उपसला नाई." शोषखड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतूनही दाखवलं. गटागट जिरलं. भाऊ इसाराचे पैसे काढत होता. मी त्याचा हात धरला.

आपण सेफ्टी टँक म्हणतो तो खरा सेप्टिक टँक, म्हणजे मैला कुजवायची टाकी. जड गाळ तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो, मधलं पाणी शोषखड्ड्यात जातं. हवेविना जगणारे जिवाणू गाळ कमी करतात, संपवत नाहीत. दोन-तीन वर्षांनी उपसा करावाच लागतो. 20 वर्षं भरलीच नाही ती टाकी बहुधा तळाला फुटकी किंवा बिनतळाची असते.

आणि ते जिरलेलं पाणी? आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. त्याचे पापुद्रे वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात. पानांवर ऋण भार, म्हणून मधल्या फटीत कॅल्शियम, सोडियमचे धन आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण अडकतात. हे आयन पाणी ओढतात, पानं दूर सरकतात, माती फुगते. पावसाळ्यात ती इतकी गच्च होते की पाणी खाली जातच नाही आणि संडास तुंबतो. उन्हाळ्यात तीच माती आकसते, पाय अडकावा एवढ्या भेगा पडतात. घरमालकांनी ओतलेलं पाणी अशाच भेगांतून गेलं होतं. मातीच्या कणाकणातून हळू झिरपलं तरच मैलापाण्यातले जंतू गाळले जातात. भेगेतून ते न गाळताच विहिरीकडे धावतं. त्यात कपडे धुण्याच्या पावडरीतलं सोडियम. कॅल्शियम पापुद्र्यांना धरून ठेवतो, सोडियम त्यांना सुटं करतो आणि मातीची छिद्रं बुजतात.

म्हणून शोषखड्ड्याच्या जागी चाचणीचा खड्डा घेऊन तो रात्रभर पाण्याने भरून ठेवायचा, माती फुगू द्यायची, मग मोजायचं. 25 मिलिमीटर पाणी उतरायला 60 मिनिटांहून जास्त लागली, तर ती जागा शोषखड्ड्याच्या कामाची नाही. टाकीतला गाळ बांबूला पांढरं कापड गुंडाळून मोजता येतो. काळा डाग जिथवर, तिथवर गाळ. हे झाकणाबाहेर उभं राहूनच करायचं, आत वाकायचं नाही. टाकीतला विषारी वायू, हायड्रोजन सल्फाइड, आधी वास घेण्याची शक्ती मारतो, मग माणसाला. सुरक्षा साधनांशिवाय आत माणूस उतरवणं तर हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यानेही गुन्हा आहे.

टाकीत गूळ-शेण टाका, अमुक जिवाणूंची पावडर टाका, कधी उपसायला नको, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. लागणारे जिवाणू आपल्याच पोटातून रोज टाकीत जातात.

आम्ही त्या वाड्यात रात्री खड्डा भरून ठेवला. सकाळी तासभर मोजला. पाणी बोटाच्या एका पेराएवढंही उतरलं नाही. शोषखड्ड्यापासून विहीर अकरा पावलांवर होती. भावाने इसार दिला नाही. आधी विहिरीचं पाणी मैलापाण्यातून येणाऱ्या नायट्रेट आणि जंतूंच्या तपासणीला पाठवलं.