भोपाळचा वायू वेगळा, भोपाळचा कचरा वेगळा

जानेवारी २०२५ मध्ये भोपाळच्या बंद पडलेल्या युनियन कार्बाइड कारखान्यातला ३३७ टन कचरा घेऊन १२ कंटेनर जाळण्यासाठी इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीकडं निघाले आणि आपल्याकडच्या ग्रुपवर एकच मजकूर फिरायला लागला, ‘चाळीस वर्षं साठवलेला विषारी गॅस आता जाळणार.’ सोबत डिसेंबर १९८४ चे फोटो. त्या वर्षी जूनअखेर तो माल जाळून संपला तेव्हा पुन्हा तेच मजकूर, तेच फोटो. चांगली शिकलेली, वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत सुपरवायझर असलेली माणसंही हे पुढं ढकलतात, म्हणून एकदा नीट लिहितो. त्या कंटेनरमध्ये गॅस नव्हता. १९८४ च्या त्या रात्रीशी त्या मालाचा जवळपास काही संबंधच नव्हता.

वायूची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या ई-६१० या टाकीत कीटकनाशक बनवायला लागणारं मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन होतं. त्यात पाणी शिरलं, रासायनिक क्रिया भडकली, उष्णता आणि दाब वाढला आणि सुमारे ४० टन वायू बाहेर पडला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासूनच बंद होती. वायू जाळून टाकणारी मशाल दुरुस्तीसाठी जोडणी काढून ठेवलेली. पाणी आत गेलं कसं, यावर कंपनीनं घातपाताचा दावा केला आणि लोक अजून त्यावरच भांडतात. मला तो वाद दुय्यम वाटतो. पाणी कसंही शिरलेलं असो, नंतर आवरायला जे ठेवलं होतं तेच बंद होतं. आणि कृपा करून ‘भोपाळचा स्फोट’ म्हणू नका. टाकी फुटली नव्हती, वायू झडपेतून निघून उंच नळीवाटे बाहेर गेला.

तो हवेपेक्षा जड, त्यात थंडीची रात्र. जमिनीलगत सरकत तो जुन्या वस्तीवर आणि रेल्वे स्टेशनवर गेला. नांदेडहून सचखंड एक्सप्रेसनं अमृतसरला जाणारी आपली माणसं आजही त्याच स्टेशनवरून जातात. मृतांचा पहिला सरकारी आकडा २,२५९ होता, पुढं भरपाई मिळालेले मृत्यू पाच हजारांच्या वर गेले आणि पीडितांच्या संघटना याच्या कितीतरी पट आकडा सांगतात. इथवर कुणाचा गोंधळ होत नाही.

गोंधळ होतो तो इथून पुढं. मिथाइल आयसोसायनेट टिकणारा पदार्थ नाही. पाण्याशी, ओलाव्याशी गाठ पडली की त्याचं दुसऱ्याच रसायनांत रूपांतर होतं. डोळ्यांतला आणि फुप्फुसांतला ओलावा त्याला सापडला, म्हणून तर माणसं तशी मेली. तो वायू ड्रममध्ये भरून चाळीस वर्षं राहूच शकत नाही.

मग त्या ३३७ टनांत होतं काय? कारखान्याच्या आवारातली दूषित माती, रिअ‍ॅक्टरमधला गाळ, सेविनचे अवशेष, ते बनवायला लागणाऱ्या नॅप्थॉलचे अवशेष आणि अर्धवट तयार झालेलं कीटकनाशक. सेविन म्हणजे कार्बारिल हे कीटकनाशक. कपाशीवर धुरळणी केलेल्या आपल्या जुन्या शेतकऱ्यांना या नावाची ओळख नव्यानं करून द्यायला नको, २०१८ साली देशात त्यावर बंदी आली. हा कारखाना १९६९ पासून चालू होता. कीटकनाशकाची प्रत्येक बॅच निघाली की मागं काहीतरी उरतंच. तळाचा गाळ, वापरून झालेली द्रावकं (सॉल्व्हंट), बिघडलेला माल. ते आवारातल्या खड्ड्यांत गेलं. १९७७ पासून कारखान्याबाहेरच्या तळ्यांत सांडपाणी सोडून उन्हात आटवायला सुरुवात झाली. तळ्यांना प्लास्टिकचं अस्तर होतं. १९८२ साली, म्हणजे वायुगळतीच्या दोन वर्षं आधी, तळी गळताहेत आणि ही काळजीची बाब आहे, असा संदेश कंपनीच्या आतच पाठवला गेला होता.

१९८२ हे वर्ष लक्षात ठेवा, कारण सगळा फरक त्यात आहे. वायू बाहेर पडला तो यंत्रणा बिघडली म्हणून. कचरा जमिनीत गेला तो कारखाना सुरळीत चालू होता म्हणून. २ डिसेंबरच्या रात्री टाकीत पाण्याचा थेंबही गेला नसता, तरी ते खड्डे आणि ती तळी तिथंच राहिली असती. उलट कारखाना आणखी वीस वर्षं चालला असता तर ढीग वाढलाच असता. एकाला अपघात लागतो, दुसऱ्याला रोजची पाळी पुरते.

माणसंही वेगळी. वायूनं मारलं ते वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्यांना, एका रात्रीत. कचरा मुरून दूषित झालेल्या पाण्यानं गाठलं ते कारखान्याच्या पलीकडच्या अंगाला हापशाचं पाणी पिणाऱ्यांना, वर्षानुवर्षं. त्यातली कित्येक कुटुंबं १९८४ नंतर तिथं राहायला आलेली, कित्येक मुलं नंतर जन्मलेली. १९८९ ची ४७ कोटी डॉलरची तडजोड गॅसपीडितांची होती, या पाणी पिणाऱ्यांची नव्हती. १९९९ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेनं तपासणी केली तेव्हा आवारात पारा आणि भूजलात क्लोरीनयुक्त द्रावकं सापडली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला त्या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या, असा आदेश द्यावा लागला.

दोन्ही एकच मानल्यानं नुकसान दोन्हीकडून होतं. एक जण घाबरून सांगतो की गॅस येतोय, पळा. दुसरा उत्तर देतो की गॅस कधीच उडून गेला, चाळीस वर्षांनी कसलं विष राहतंय. दोघंही वायूबद्दल बोलताहेत. दुसऱ्याचं मला जास्त खटकतं, कारण ते अर्धं खरं आहे आणि म्हणून पटकन पटतं. पण पारा म्हातारा होत नाही. आणि ३३७ टन हा वरवरचा गोळा करून ठेवलेला माल होता. नागपूरच्या नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेच्या २०१० च्या अहवालात आवारातल्या दूषित मातीचा अंदाज सुमारे ११ लाख टन दिला आहे. ती तिथंच आहे.

आता आपल्याकडं बघा. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा, जालना, लातूर, नांदेड, सगळीकडं एमआयडीसीला लागून गावं आहेत. सायरन वाजवून, मास्क लावून मॉक ड्रिल होतं, ते व्हायलाच हवं. पण ते फक्त पहिल्या प्रकारासाठी असतं. दुसऱ्याला सायरन नसतो. आपल्या काळ्या मातीखाली मुरूम आणि खाली भेगाळलेला कातळ, त्या भेगांतून पाणी कुणाच्या बोअरला जाऊन मिळेल हे वरून दिसत नाही.

आणि तो निळा ड्रम. टंचाई लागली की भंगारवाल्याकडून दोनशे लिटरचे जुने ड्रम घेतले जातात. लेबल खरवडलेलं असतं, कडेला लाल त्रिकोणाचा, म्हणजे जहाल विषारी कीटकनाशकाच्या खुणेचा, तुकडा कधीकधी राहिलेला असतो. साबणानं दोनदा धुतला, तीन दिवस उन्हात ठेवला, की टँकरचं पाणी त्यात. प्लास्टिक रसायन शोषून घेतं आणि पुढं महिनोन् महिने पाण्यात सोडत राहतं. साबणानं ते निघत नाही. कुठं गळती झाली नाही, बातमी आली नाही, आणि कारखान्याचं उरलंसुरलं घरातल्या तांब्यात आलं. असा ड्रम पिण्याच्या पाण्याला वापरूच नये, कितीही धुतलेला असो. यात मधला मार्ग नाही.

ग्रामसभेत विषय निघाला तर दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. आणीबाणीत गाव कुठल्या दिशेनं आणि कसं हलवणार, हा पहिला. कारखान्यातला घातक कचरा कुठं जातो, हा दुसरा. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त आवारात ठेवता येत नाही आणि बाहेर जाताना प्रत्येक खेपेची पावती असते. ती पावती बघायला मागा. बोअरचं पाणी तपासायला देताना ‘पिण्यायोग्य आहे का’ एवढंच लिहू नका. नेहमीच्या तपासणीत क्षार, नायट्रेट, जंतू बघतात. जड धातू आणि सेंद्रिय द्रावकं तपासून हवीत, असं अर्जात स्वच्छ लिहावं लागतं.