स्वमग्नता : कोवळ्या मेंदूची घडण आणि मुंबईतील वस्तीपातळीवरची सेवा

स्वमग्नता किंवा ऑटिझम हा मेंदूच्या घडणीतला वेगळेपणा आहे. इतरांशी संवाद साधण्याची रीत, आवाज-स्पर्श-प्रकाश जाणवण्याची तीव्रता आणि ठरावीक गोष्टींची ओढ यांतून तो दिसतो. १९४३ मध्ये बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांचे वर्णन केले. पुढे बराच काळ आईच्या कोरड्या वागण्याला दोष दिला गेला. १९७७ मधील जुळ्यांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा पुढे आला आणि तो समज शास्त्रीय पातळीवर मागे पडला. घराघरांत मात्र तो टिकून आहे. ‘आई नोकरी करते म्हणून’, ‘हातात मोबाइल दिला म्हणून’ असे आजही ऐकावे लागते आणि ते ऐकणारी बाई बहुधा आधीच रात्र रात्र जागलेली असते. लसीमुळे स्वमग्नता येते हा १९९८ मधला दावाही खोटा ठरला. तो निबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला.

मेंदूतील फरकाची सुरुवात जन्माआधीच होत असावी, असे पुरावे सांगतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मृत्यू पावलेल्या ११ स्वमग्न मुलांच्या मेंदूची ऊती तपासली गेली. त्यांपैकी १० जणांच्या मेंदूच्या बाह्यकात (बाहेरच्या आवरणात) पेशींची थररचना ठिकठिकाणी विस्कळीत आढळली. हे थर गर्भावस्थेत रचले जातात. २०१७ मधील अभ्यासात, मोठे भावंड स्वमग्न असलेल्या बाळांचे एमआरआय काढले गेले. ज्यांचे पुढे निदान झाले, त्यांच्या बाह्यकाचे पृष्ठफळ ६ ते १२ महिन्यांत इतरांपेक्षा वेगाने वाढले होते, आणि त्यानंतर दुसऱ्या वर्षात मेंदूचे आकारमानही. नजरेचा मागोवा घेणाऱ्या २०१३ च्या अभ्यासात दिसले, की पुढे निदान झालेली बाळे सुरुवातीला माणसाच्या डोळ्यांकडे पाहत होती. २ ते ६ महिन्यांच्या दरम्यान ते पाहणे कमी होत गेले. हे निष्कर्ष गटांविषयीचे आहेत. त्यांतून प्रत्येक बाळासाठी चाचणी तयार झालेली नाही, आणि मूल बोलत नाही म्हणून पालकांनी महागडा एमआरआय करून घ्यावा असा त्यांचा अर्थ होत नाही. निदान वागण्याच्या निरीक्षणावरूनच होते.

म्हणूनच मुलाच्या आसपासच्या माणसांचे लक्ष मोलाचे. आजी गॅलरीत उभी राहून ‘तो बघ काऊ’ म्हणते, तेव्हा साधारण वर्ष-सव्वा वर्षाचे मूल काऊकडे पाहते, मग आजीकडे पाहते आणि स्वतः बोट दाखवू लागते. नावाने हाक मारल्यावर वळणे, टाटा करणे, भोऽऽक म्हटल्यावर हसून पुन्हा वाट पाहणे हे त्याच वाटेवरचे टप्पे. ते दिसत नसतील, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर ‘याचा बाबाही उशिराच बोलला’ म्हणत थांबू नये. आधी श्रवणचाचणी करावी. वांद्र्याच्या अलीयावर जंग राष्ट्रीय संस्थेत ती होते. त्याच वेळी विकासाची तपासणीही सुरू करावी. तीन-चार वर्षे उलटून गेली तरी दार बंद होत नाही; शिकणे पुढेही चालू राहते.

तज्ज्ञ थोडे आणि मुले फार, हे दक्षिण आशियाचे वास्तव आहे. पालकांमार्फत मुलाला मदत करण्याची एक पद्धत गोवा आणि रावळपिंडी येथे पारखली गेली. त्या ‘पास’ चाचणीत (२०१६) ६५ मुलांचे पालक सहभागी होते. तज्ज्ञ नसलेले पण प्रशिक्षित कार्यकर्ते सहा महिन्यांत १२ भेटी देत. आईबाबा आणि मुलाच्या खेळाचे चित्रण करून ते मिळून पाहायचे, मूल कुठे लक्ष देते ते टिपायचे आणि त्याच्या कलाने पुढे जायचे, अशी ही पद्धत होती. पालकांचा प्रतिसाद मुलाशी अधिक जुळला आणि मुले स्वतःहून संवाद सुरू करू लागली. पालक आणि मूल यांनी एकाच गोष्टीकडे एकत्र लक्ष देण्याचे प्रमाण मात्र वाढले नाही, उलट घटले. याचाही उल्लेख प्रामाणिकपणे करायला हवा.

मुंबईत या पद्धतीला विशेष अर्थ आहे. भांडुप किंवा मानखुर्दहून आठवड्यातून तीनदा ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजच्या कामांचा सराव) आणि स्पीचसाठी (वाचा-उपचारासाठी) लोकलने जायचे, तर एका पालकाची रोजी बुडते. शिवाय गाडीतला गोंगाट आणि गर्दी मुलाला सोसवत नाही. केंद्रावर पोचेपर्यंत ते थकलेले असते. अंगणवाडी मात्र वस्तीतच असते आणि सेविका मुलाला रोज पाहते. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये स्थापन केलेली ‘उम्मीद’ ही संस्था उपचारांबरोबर अशा कार्यकर्त्यांना प्रशिक्षणही देते. ‘फोरम फॉर ऑटिझम’ हा पालकांनी चालवलेला गट आहे. नुकतेच निदान ऐकलेल्या आईला दुसऱ्या आईशी बोलता येणे ही सेवाच आहे.

राष्ट्रीय न्यास कायद्यात (१९९९) आणि दिव्यांग हक्क अधिनियमात (२०१६) स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी वापरतात. ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो.

भाषेचा प्रश्न मुंबईत हमखास येतो. घरी मराठी, जिन्यावर हिंदी, शाळेत इंग्रजी. तेव्हा ‘एकच भाषा ठेवा, इंग्रजी बोला’ असा सल्ला अनेकांना मिळतो. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांच्या बोलण्याची हानी होते, असे संशोधनात आढळलेले नाही. घरात इंग्रजी आणली की दिवसभर मुलाजवळ असणारी आजीच गप्प होते, आणि काऊ दाखवणारे कोणी उरत नाही.